गोळी सुरू करण्याआधी, बंद करण्याआधी

जुलै २०२५मध्ये कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातील हृदयविकाराच्या मृत्यूंच्या बातम्या पसरल्या आणि म्हैसूरच्या जयदेव हृदयरोग रुग्णालयात तपासणीसाठी गर्दी उसळली. शहरालगतच्या वरुणासारख्या गावांतही ती धास्ती पोहोचली असणार. भीतीपोटी माणूस दोन चुका करतो: शेजाऱ्याची गोळी घेतो, किंवा स्वतःची गोळी परस्पर बंद करतो. दोन्ही जिवावर बेतू शकतात.

अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्ताची गुठळी होऊ देत नाहीत; त्याच गुणामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून त्या धास्तीने सुरू करायच्या गोळ्या नव्हेत. मात्र हृदयाच्या धमनीत स्टेंट (जाळीदार नळी) बसवलेल्याने त्या अचानक थांबवल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन झटका येऊ शकतो. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनमुळे काहींचे स्नायू दुखतात, रक्तदाबाच्या रॅमिप्रिलमुळे काहींना कोरडा खोकला लागतो. असा त्रास मुकाट्याने सोसू नका. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, औषधही बदलू शकतात. शौचाला काळे झाले किंवा रक्त थांबेना, तर थेट रुग्णालय गाठा.

औषधाचा दुष्परिणाम रुग्णालाही सरकारकडे नोंदवता येतो; त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. वाचकहो, घरातल्या प्रत्येक हृदयरुग्णाच्या गोळ्यांची यादी आजच लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला ती सोबत न्या.