आधी ट्यूबचा फोटो

आमच्या वसंत व्याख्यानमालेत यंदा एका ज्येष्ठ वक्त्यांनी मोबाइल अ‍ॅपवरून चालणाऱ्या त्वचाउपचारांवर दीड तास तोफ डागली. सभागृह खूश झालं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते भाषण मोबाइलवरच टिपून घेतलं, हा भाग वेगळा. आमच्याकडे प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावा लागतो. माझी चिठ्ठी अध्यक्षांच्या पाण्याच्या पेल्याखाली गेली ती आभारप्रदर्शनापर्यंत तिथेच राहिली. म्हणून हा लेख.

पूर्वपक्ष आधी मांडतो. एक, हात लावल्याशिवाय त्वचेचं निदान होत नाही. दोन, फोटो फसवतो. तीन, अ‍ॅपवाले धंदेवाईक आहेत. चार, डॉक्टर-रुग्णांतला जिव्हाळा संपतो. पाच, आमच्या वेळी हे नव्हतं. पाचवा मुद्दा वक्त्यांनी या शब्दांत मांडला नाही, पण दीड तासातला अर्धा तास त्यालाच दिला.

पाचव्याला उत्तर द्यायचं कारण नाही. त्यांच्या वेळी माइकही बरा नव्हता.

चौथा जिव्हाळ्याचा. सकाळी नंबर लावून दुपारी आत जायचं, शर्ट वर करायचा आणि पाठ दाखवून होते न होते तोच बाहेरून ‘पुढचा पेशंट’ अशी हाक ऐकायची. या जिव्हाळ्याला इंटरनेटने आणखी काय धक्का लागणार?

तिसरा मुद्दा थोडा खरा आहे. धंदा आहेच. पण वक्त्यांनी तीन वेगळ्या वस्तू एकाच पोत्यात भरून पोत्याला काठी मारली. फोटो काढला की यंत्रच रोगाचं नाव सांगतं ते अ‍ॅप ही एक वस्तू. पलीकडे नोंदणीकृत डॉक्टर बसलेला असतो ते अ‍ॅप ही दुसरी. आणि आपल्याच चट्ट्याचे फोटो तारीखवार जपून ठेवायची सोय ही तिसरी. पहिलीवर राग असेल तर मीही त्यांच्या शेजारी उभा राहतो. तीळ पाहून कर्करोग ओळखतो असा दावा करणाऱ्या दोन अ‍ॅपना अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2015 सालीच चाप लावला, कारण दाव्याला पुरावा नव्हता. आपल्याकडेही 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी सांगून ठेवलंय की कृत्रिम बुद्धिमत्तेने डॉक्टरला मदत करावी. रुग्णाला सल्ला देऊ नये, औषध लिहू नये. त्याच सूचनांनी नोंदणीकृत डॉक्टरला व्हिडिओवर, आवाजावर किंवा लिखित संदेशावर तपासायची मुभा दिली आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक घालायला लावला. वक्त्यांनी हे कागद वाचले असते तर भाषण वीस मिनिटांत आटोपलं असतं आणि आम्हाला बटाटेवडे गरम मिळाले असते.

दुसरा मुद्दा, फोटो फसवतो. फसवतो! हल्लीचे फोन न विचारता चेहरा गुळगुळीत करून देतात. ‘ब्युटी’ बंद केलं नाही तर मुरुमांचे खड्डेच गायब. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवला की फोटो दाबून लहान होतो आणि पुरळाच्या कडा पुसट होतात. ट्यूबलाइटखाली सगळेच आजारी दिसतात. पण यावर उपाय आहेत आणि ते शाळकरी पोरालाही जमतात: खिडकीशी उभं राहा, एक फोटो लांबून, एक जवळून, शेजारी दहाचं नाणं ठेवा. ते 27 मिलिमीटरचं असतं, चट्टा वाढला की घटला ते त्यावरून कळतं. आणि फसवण्याचंच म्हणाल तर छापील पुस्तकांनी कमी फसवलंय का? त्वचेचे रंग मोजायची फिट्झपॅट्रिकची पट्टी 1975 साली आली ती गोऱ्या कातडीपुरती. सावळ्या आणि काळ्या रंगांची घरं तिला मागाहून जोडली. पुस्तक सांगतं लालसर चट्टा. आपल्या अंगावर तोच चट्टा तपकिरी नाहीतर जांभळट दिसतो. गोऱ्या फोटोंवर पोसलेलं यंत्र आपल्याकडे चुकेल हे उघड आहे, तसा गोऱ्या चित्रांवर शिकलेला माणूसही चुकतो. इलाज एकच, आपल्या कातडीचे चांगले फोटो जमले पाहिजेत. ते फोनशिवाय जमणार कशाने, वक्त्यांच्या तोफेने?

आता पहिला मुद्दा, हाताचा. यावर मला बरंच बोलायचंय.

वक्त्यांनी हात उंचावून सांगितलं, ‘बोटांना जे कळतं ते काचेला कळत नाही.’ वाक्य टाळीचं आहे आणि खरंही आहे. चट्टा उचललेला आहे की सपाट, दाबल्यावर फिका पडतो की नाही, खालची गाठ हलते की चिकटलेली आहे, हे बोटच सांगतं. चट्ट्यावरचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे बघायचे, तर तेही फोनवर होत नाही. पण वक्त्यांनी फोनची तुलना केली ती त्वचारोगतज्ज्ञाच्या हाताशी. हा हात आहे कुठे? पुण्याच्या पेठांत आहे, मुंबईच्या उपनगरांत कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. करमाळ्याच्या पुढे वस्तीवर राहणाऱ्या माझ्या चुलतभावापाशी दीड वर्षं एकच हात होता: मेडिकलवाल्याचा. आणि तो हात काउंटरखालून ट्यूब काढायचा.

ती गोष्ट जवळून पाहिलीय म्हणून सांगतो. भाऊ उसाला पाणी देतो, दिवसभर पॅन्ट ओली. जांघेत गजकर्ण झालं. लाजेपोटी घरात बोलला नाही. मेडिकलवर जाऊन हळूच ‘खाजेचं काहीतरी द्या’ म्हणाला. मिळाली एक ट्यूब, शंभराच्या आतली. त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोडीला जोरकस स्टेरॉइड. म्हणजे साप, मुंगूस आणि गारुडी एकाच टोपलीत. दोन दिवसांत खाज थांबली. भाऊ म्हणाला, लाख रुपयांचं औषध! स्टेरॉइडने आग विझल्यासारखी वाटते. खाली बुरशीला मोकळं रान मिळतं. ट्यूब संपली, चट्टा परतला, आधीपेक्षा हातभर मोठा, कड्यात कडं घेऊन. पुन्हा ट्यूब. असं दीड वर्ष. जांघेची कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ झाली आणि तिच्यावर बाळंतिणीच्या पोटावर उठतात तसे वळ उमटले. ते आता जायचे नाहीत. मधल्या काळात एकच टॉवेल वापरून वहिनीला आणि धाकट्यालाही लागण झाली.

2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची चौदा मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं फर्मान काढलं. फर्मान राजपत्रात आहे, ट्यूब काउंटरवर. अशा अर्धवट उपचारांच्या वातावरणात आपल्याकडची बुरशीही निर्ढावली. ट्रायकोफायटनच्या एका जातीला 2020 मध्ये वेगळं नाव मिळालं, इंडोटिनी. नावातच इंडिया आहे, अभिमान वाटावा असं काही नाही. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही.

शेवटी भावाच्या मुलाने त्याला अ‍ॅपवर एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंसमोर बसवलं. मी तेव्हा तिथेच होतो. भाऊ कॅमेऱ्यासमोर घामाघूम. बाईंनी पहिलं वाक्य काय उच्चारलं? ‘चट्टा नंतर दाखवा. आधी ट्यूब दाखवा.’ मुलाने पिळून सपाट झालेली ट्यूब कॅमेऱ्यासमोर धरली, उलटवली, बारीक अक्षरांतलं मिश्रण दाखवलं. बाई म्हणाल्या, ‘हे आजपासून बंद.’ निदान तिथेच निम्मं झालं, आणि त्याला हात लागला नव्हता. मग खिडकीपाशी, नाणं ठेवून फोटो. मग गोळ्या, साधं मलम, घरातल्या तिघांनाही एकदम उपचार, टॉवेल वेगळे, दर आठवड्याला त्याच जागेचा त्याच उजेडात फोटो. ट्यूब बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात खाज उसळली. तेव्हा तो पुन्हा मेडिकलकडे धावला असता. बाईंनी आधीच बजावलं होतं, ‘वाढेल, घाबरू नका, फोटो पाठवा.’ तो फोटो पाठवता आला म्हणून तो थांबला.

ज्येष्ठांनी माझ्या मुद्द्यात तेवढं एक पाहावं. ज्याला तज्ज्ञाचा हात मिळतो त्याने जरूर हातच घ्यावा, मला काय आनंद आहे त्याला फोनपुढे बसवण्यात? पण दोन पंगतींतली पंचपक्वान्नं दाखवून तिसऱ्या पंगतीतल्या उपाशी माणसाची भाकरी हिसकावू नका.

या वक्त्यांच्याच पठडीतल्या एका गृहस्थांशी माझं पूर्वी वाजलं होतं. डॉक्टरांचं अक्षर रुग्णाला वाचता आलं पाहिजे, असं मी लिहिलं. उत्तर आलं की रुग्णाला चिठ्ठी वाचून करायचंय काय, मेडिकलवाल्याला कळलं म्हणजे झालं. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता कळतं, ट्यूबची दीड वर्षं या वाक्यातून निघाली. मेडिकलवाल्याला सगळं कळतं आणि रुग्णाला काहीच कळायला नको, ही जुनी व्यवस्था. ग्लुकोमीटर घरोघर आला तेव्हाही हेच लोक म्हणाले होते की पेशंट आता स्वतःच डॉक्टर होणार. झाले का? नाही. ते डॉक्टरकडे वही घेऊन जाऊ लागले, इतकंच. चट्ट्याचे तारीखवार फोटो ही तीच वही आहे.

आता मंडन. ते खंडनाएवढं लांब नाही, कबूल.

फोनने तीन कामं नीट होतात. पहिलं, पाठपुरावा. सोरायसिस, इसब, मुरुम, कोड हे महिनोन्‌महिने चालणारे रोग. दर वेळी एक रोजंदारी बुडवून गाडीभाडं भरायचं कारण नाही. दुसरं, लाज. पुरुष डॉक्टरसमोर अंग दाखवायला संकोचणाऱ्या बाईला लांबची का होईना बाई डॉक्टर मिळते. फोटो कुठे जातात, कोण बघतं, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे, आणि अ‍ॅपवाल्याने उत्तर टाळलं तर ते अ‍ॅप काढून टाकावं. तिसरं, वाटणी. कोणाला घरबसल्या चालेल आणि कोणाला आजच्या आज यायला हवं, हे फोटोवरून बरंच ठरतं. सरकारची ई-संजीवनी 2020 च्या एप्रिलपासून घरबसल्या फुकट डॉक्टर गाठून देते. खाजगी अ‍ॅपचं शुल्क परवडत नाही ही सबबही त्यामुळे लंगडी पडते.

आणि हाताचं काय? हात हवाच, पण तो तज्ज्ञाचाच हवा असं नाही. कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई घरोघरी जातात. फिकट चट्ट्यावर कापसाचा बोळा टेकवून ‘डोळे मिटा, कुठे लागलं सांगा’ म्हणायला शिकवलेला एक माणूस गावात असतोच. बोळा आशाताईंचा, फोटो फोनचा, निदान डॉक्टरचं, अशी जोडणी करता येते. जगातले निम्म्याहून अधिक नवे कुष्ठरुग्ण अजून भारतात सापडतात, त्या देशाने तरी हात आणि फोन यांत भांडण लावू नये.

म्हणून वाचकाला दोनच गोष्टी सांगतो. अंगाला खाज सुटली आणि ट्यूब वापरत असाल तर डॉक्टरला आधी ट्यूबचा फोटो दाखवा, मग कातडीचा. आणि चट्ट्यावर कापूस टेकवलेला कळत नसेल, तर फोन खिशात टाका आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. तिथे कुष्ठरोगाचं औषध फुकट मिळतं.