खाडाखोड

यंदा दिवाळी अंकाची जुळवाजुळव सुरू करताना एक नवा उद्योग अंगावर घेतला. वर्धा जिल्ह्यातल्या नववीपासून कॉलेजपर्यंतच्या मुलामुलींना सांगितलं की मोबाईल आणि संगणकामुळे तुमच्या शिकण्यात काय बदललं ते लिहून पाठवा, आणि आजोबा-आजी, आईवडील कसे शिकले तेही घरात विचारून लिहा. पोळा होईस्तोवर ३२ लेख आले. ३१ व्हॉट्सअॅपवर, छान टाइप केलेले. एक वहीच्या पानांचे फोटो काढून.

आमचे मुद्रितशोधक गेली ४० वर्षं खिळ्यांच्या छपाईपासून या धंद्यात आहेत. त्यांच्याकडे ३१ लेखांचा गठ्ठा दिला. दोन दिवसांनी त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मले काही कामच नाही ठेवलं बाप्पा या पोट्ट्यायनं." खरंच, ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही, अनुस्वार जागच्या जागी. फक्त नऊ लेखांत तंत्रज्ञान ही दुधारी तलवार होती. आणि हिंगणघाटचा एक मुलगा व आर्वीची एक मुलगी, ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, त्या दोघांच्याही आजोबांनी कंदिलाच्या मंद प्रकाशात ज्ञानाची ज्योत तेवत ठेवली होती. दोन्ही आजोबांना फोन करावा असं क्षणभर वाटलं.

मुलांवर रागावण्याचा मला अधिकार नाही. आमच्या वेळी एआय नव्हतं, गाईड होतं. 'मी पंतप्रधान झालो तर' हा निबंध आम्ही त्यातूनच पाठ केला. एका वर्षी त्या निबंधात छपाईची चूक होती, 'देशाची सेवा'ऐवजी 'देशाची शेवा' छापलं होतं. आमच्या वर्गात तिघांनी देशाची शेवा केली आणि गुरुजींना अख्खी टोळी एका झटक्यात सापडली. मुद्राराक्षसाचं राष्ट्रकार्य म्हणायचं. नक्कल आम्हीही केली. पण ती हातानं करावी लागे, आणि हात कुठेतरी चुकायचाच. त्या चुकीत आम्ही पकडले जात असू.

तो गठ्ठा पाहिल्यापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. विद्यार्थी काय शिकतो, किती शिकतो यावर परिसंवाद पुष्कळ होतात. मला पडलेला प्रश्न साधा आहे: विद्यार्थ्याची चूक गेली कुठे?

माझ्या आबाजींच्या वेळी ती पाटीवर असे. पेमनं लिहायचं, चुकलं की ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं नसेल तर थुंकी होतीच. पाटी तेवढीच, म्हणून कालचं गणित आज सापडत नसे. पण लिहिताना चूक सगळ्या वर्गासमोर उघडी पडे आणि गुरुजींची छडीही तेवढ्याच उघडपणे पडे. नंतर बोरू आणि टाक आले, शाई आली, आणि चूक कायमची झाली. डाग पडला की पडला. माझ्या वडिलांच्या हाती लॉगॅरिथमचं पुस्तक आलं. ओळ एक खाली घसरली की सगळं उत्तर घसरे, पण पायऱ्या कागदावर असत. कुठल्या पायरीला पाय सटकला ते बोट ठेवून दाखवता येई.

मी टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पिढीतला. दहावी-बारावी झाली की पोरगं काही ना काही शिकलं पाहिजे म्हणून बाप तीसच्या स्पीडची परीक्षा द्यायला लावत असे. पत्र्याच्या छताची लांबट खोली, बारा मशीनं, त्यातल्या चार नादुरुस्त, आणि उन्हाळ्यात दुपारी दोनची बॅच. वर्ध्याचा मे महिना ज्यानं पाहिला आहे त्याला यापुढे सांगायला नको. तिथे चुकीला दयामाया नव्हती. चुकलेल्या अक्षरावर दुसरं अक्षर कितीही जोरात ठोकलं तरी खालचं डोकावायचंच, कार्बनच्या प्रतीवर तर दोन्ही भुतं स्पष्ट दिसत. पुढे २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं, एमएससीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावी आले, आणि टायपिंगवाल्यांच्याच खोल्यांत संगणक बसले. माझ्या भाचीनं देवळीत तो कोर्स केला. पहिल्या आठवड्यात ती मला काय सांगत आली? "मामा, चुकलं तं कंट्रोल झेड दाबायचं. कोणाले समजतच नाही."

कोणाले समजतच नाही. तिचा आनंद खरा होता. छडी खाल्लेल्या आबाजींनाही तो समजला असता.

शिकण्याच्या साधनांचा हा विषय कुठून सुरू होतो ते वर्धेकराला सांगावं लागत नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावरच, इथल्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथून नयी तालीम निघाली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं जो आराखडा दिला त्यात साडेपाच तासांच्या शाळेतले ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला होते. मातृभाषेला ४० मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४०. आजच्या ट्यूशनवाल्या पालकाला हे वेळापत्रक दाखवलं तर तो मुलाचा दाखला काढून नेईल.

पुष्कळांना वाटतं की ही मंडळी यंत्राच्या विरोधातली होती. मला तसं वाटत नाही. गांधीजींनी १९२९ साली सुधारित चरख्याला एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. सेवाग्रामच्या आश्रमात बापूंच्या कार्यालयातली टेलिफोनची खोपटी आजही पाहुण्यांना दाखवतात. त्यांचा प्रश्न यंत्र हवं की नको एवढाच नव्हता. मुलाच्या हातात दिलेलं साधन त्याला काय शिकवतं, हा होता. आणि टकळी हे साधनच होतं, त्या काळच्या शाळेतलं सर्वात स्वस्त. पेळू धरला, टकळीला गिरकी दिली, बोटं जरा हलगर्जी झाली की सूत तुटलं. तुटलं हे मास्तरांनी सांगायची गरज नाही. कुठे तुटलं तेही दिसतं, जोडून पुढे जाता येतं. मग मोजणी. चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, चार लटींची गुंडी. पाढे पाठ नसले तर गुंडी पुरी होत नाही, आणि गुंडी कमी भरली तर भांडायला दुसरं कोणी नाही. सेवाग्रामच्या नयी तालीमच्या शाळेत शिकलेल्या डॉ. अभय बंगांनी आपल्या तिथल्या दिवसांबद्दल लिहिलं आहे. ते वाचणाऱ्याला आपण चुकीच्या शाळेत गेलो असं वाटू लागतं.

पण पूजा नको. परिषदेतच शंका निघाल्या होत्या. शाळेनं मुलांच्या कामावर आपला खर्च भागवावा या कल्पनेबद्दल स्वतः झाकीर हुसेनही बोलले होते, आणि समितीचं अध्यक्षपद तरीही त्यांच्याचकडे दिलं गेलं. (आपल्या आजच्या समित्यांचं आठवून पाहा.) पुढे ही पद्धत गावोगावच्या शाळांत गेली तेव्हा अनेक ठिकाणी तिचं काय झालं, ते आबाजी सांगत: "मास्तर खुर्चीत डुलकी घेत अन् आमी सूत काढत." साधन चांगलं असून भागत नाही, हे वर्ध्याला टॅबलेट वाटपाच्या कितीतरी आधी कळलेलं होतं.

तेव्हा मागचं सगळं सोन्याचं आणि आताचं पितळेचं असं मी म्हणणार नाही. पाटीवरच्या उघड्या चुकीनं किती पोरं शाळेबाहेर घालवली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आमच्या वर्गातला एक जण अपूर्णांकांच्या तासाला शौचाच्या निमित्तानं गेला तो पुन्हा कधी आलाच नाही. पुढे ट्रकवर क्लीनर झाला. आज त्याचा नातू एकच गणित मोबाईलवर दहा वेळा लावून पाहतो, व्हिडिओ मागे नेतो, पुन्हा ऐकतो. मोबाईल डोळे वटारत नाही. 'एवढंही येत नाही का' म्हणत नाही. ही गोष्ट लहान नव्हे. मुलींच्या बाबतीत तर अजिबातच नव्हे.

शिवाय साधन सगळ्यांच्या मध्ये ठेवलं तर वेगळंच वागतं. २०२० च्या टाळेबंदीत घरात फोन एक, तोही बापाच्या खिशात, आणि पोरं तीन. शेवटी नंबर लागायचा तो मोठ्या मुलीचा. त्याच वर्षी जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. घरातल्या घरात, हाताशी असलेल्या वस्तू घेऊन करायच्या गोष्टी. आमच्या शेजारी आजी, सून आणि दोन नातवंडं टीव्हीसमोर तुरीचे दाणे मांडून बसलेली मी पाहिली आहेत. आजी मोजण्यात चुकायची आणि नातवंडं टाळ्या पिटायची. नयी तालीम टीव्हीवरून घरात शिरली होती, आणि शाळा बंद असताना.

आता एक तक्रार, ती मात्र मनापासून. फोनवर मराठी लिहिताना मी 'काहून' लिहिलं की तो पुढे 'कारण' सरकवतो. 'जाऊन राहिलो' बोललं तर भलतंच काही उमटतं. आमच्या शाळेतही 'करून राहिलो'खाली लाल रेघ येत असे आणि वर 'करत आहे' लिहिलेलं असे. पण ती रेघ दिसायची. घरी जाऊन आईला विचारता यायचं की आपण बोलतो ते चूक का, आणि आई म्हणायची, "चूक काहून? मास्तर पुण्याचा हाये." आता रेघ नाही, विचारणं नाही. शब्द गुपचूप बदलून येतो. त्या ३१ पैकी एकाही लेखात वऱ्हाडी शब्द नव्हता, एकही आजोबा 'हाव' म्हणाले नव्हते, सगळे 'होय' म्हणत होते. जी चूकच नव्हती तीही दुरुस्त होऊन गेली.

आणि ३२ वा लेख.

समुद्रपूर तालुक्यातल्या अकरावीच्या एका मुलीचा. निळ्या शाईतली चार पानं, फोटो वाकडा, एका कोपऱ्यात तिचा अंगठा आलेला. तिच्या घरी कापसाची वेचणी असते. संध्याकाळी बाया आपापली गाठोडी काट्यावर ठेवतात आणि ही मुलगी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब करते, किलोला दहा रुपये वेचाई. एका संध्याकाळी तिनं सात बायांचा कापूस मांडला. ४२, ४७, ३८, ५१, ४५, ४०, ३६. बेरीज आली ७२९. तिनं ७,२९० रुपये जाहीर केले. वडील पैसे मोजायला आत गेले. तेवढ्यात ओट्यावर बसलेली एक म्हातारी वेचणारी, जिला सही येत नाही, म्हणाली, "सात बायायनं सात क्विंटल? आमी का इंजिन हाओ का व?"

मुलीनं लिहिलं आहे की तिला आधी रागच आला. मोबाईल कसा चुकेल? मग तिनं वहीत उभी मांडणी करून बेरीज केली. ती पहिल्या खेपेला चुकली, खोडली, दुसऱ्या खेपेला हातचा विसरली, खोडली, तिसऱ्यांदा जमली. तेव्हा कळलं की ४७ च्या जागी ४७७ दाबलं गेलं होतं. लेखात तिनं त्या तिन्ही बेरजा तशाच ठेवल्या आहेत, दोन काट मारलेल्या. पुढे एक परिच्छेद त्या म्हातारीबद्दल आहे. तिला आकडा वाचता येत नाही, पण ओट्यावरचा ढीग तिनं पाहिला होता, आणि दिवसभर पाठीवर वाहिला होता. जास्तीचे पैसे पदरात पडत असताना ती का बोलली, हेही मुलीनं तिला विचारलं. उत्तर तिच्याच शब्दांत अंकात वाचा.

मी तिला फोन केला. म्हटलं, बेटा, लेख घेतो आहोत, त्या खोडलेल्या बेरजा काढून टाकू का, पान स्वच्छ दिसेल. ती म्हणाली, "काहून सर? थ्याच तं लिहिल्या मी."

लेख मुद्रितशोधकांकडे दिला. त्यांनी खणातून लाल पेन काढलं, जे उन्हाळ्यापासून बंद होतं, आणि खुर्ची ओढून बसले. चार पानांत ११ चुका निघाल्या. 'थे' आणि 'हाओ'वर पेन थांबलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न करता पुढे गेलं. बेरजांपाशी आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला, आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत बोटांच्या पेरांवर सातही आकडे एकदा धरून पाहिले. दोनशे नव्व्याण्णव.