शब्दांची शिदोरी : ‘के’ मुका, ‘एन’ बोलका

सिरसाळ्याच्या एका ताईंनी शेजारच्या मुलीकडून पत्र लिहवून घेऊन पाठवले आहे. मुलगा सहावीत आहे. नवरा-बायको दोघेही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तेव्हा पोरगा आजीपाशी राहतो. वर्गात धडा वाचताना तो ‘क्नाईफ’ म्हणाला आणि सगळी पोरे हसली. तेव्हापासून इंग्रजीचे पुस्तक पिशवीतून बाहेर निघत नाही. “मला ए-बी-सी-डी येत नाही, मी त्याला काय सांगू?” असे ताईंनी विचारले आहे.

ताई, पोराला पहिल्यांदा हे सांगा, की त्याने डोळे उघडे ठेवून वाचले. के-एन-आय-एफ-ई. पुढ्यात ‘के’ होता, तो त्याने उच्चारला. पाचशे वर्षांपूर्वी खुद्द इंग्रजही तसेच म्हणत होता. इंग्लंडात कॅक्स्टन नावाच्या माणसाने १४७६ साली पहिला छापखाना काढला. पुढे छापील पुस्तकांमुळे शब्दांची स्पेलिंगे हळूहळू ठरून गेली. लोकांची जीभ मात्र थांबली नाही, आणि सतराव्या शतकाच्या सुमारास बोलण्यातला तो ‘क’ गळाला. कागदावर तेवढा राहिला. जर्मन माणूस आजही गुडघ्याला ‘क्नी’ म्हणतो. इंग्रज लिहितो के-एन-ई-ई आणि म्हणतो ‘नी’. आपण तरी काय वेगळे करतो? ‘ज्ञ’ हे जोडाक्षर ज आणि ञ यांचे. मराठी माणूस त्याला ‘द्न्य’ म्हणतो, हिंदी माणूस ‘ग्य’. त्यावर कोणी हसत नाही!

तेव्हा आजचा धडा एवढाच : शब्दाच्या सुरुवातीला के आणि एन जोडीने आले, की के मुका. नाईफ म्हणजे चाकू, सुरी. (ऊसतोडीच्या कोयत्यालाही इंग्रजीत केन नाईफ म्हणतात.) नॉक म्हणजे दार ठोठावणे. नॉट म्हणजे गाठ, आणि त्याच घराण्यातला निट म्हणजे सुयांवर लोकर विणणे. नकल म्हणजे बोटाचा सांधा. नॅपसॅक म्हणजे पाठीवर घ्यायची पिशवी. कापसावर फवारणी करायचा पाठीवरचा पंप असतो ना, त्याला इंग्रजीत नॅपसॅक स्प्रेअर म्हणतात. घरात असेल तर त्याचे खोके पोराला वाचायला द्या.

जहाजाचा आणि वादळी वाऱ्याचा वेगही नॉटमध्ये सांगतात. पूर्वी खलाशी ठरावीक अंतरावर गाठी मारलेला दोर समुद्रात सोडीत आणि ठरलेल्या वेळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजीत. आज एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

या घराण्यातला थोरला शब्द के-एन-ओ-डब्ल्यू, ‘नो’, म्हणजे जाणणे. त्यावरून नॉलेज, ज्ञान. आता गंमत पहा. इंग्रजी, संस्कृत आणि पाली या भाषा फार फार जुन्या काळच्या एकाच भाषेच्या लेकी. इंग्रजीतला हा ‘नो’, आपले ‘जाणणे’, ‘ज्ञान’, आणि विहारात ऐकतो ती ‘पञ्ञा’ हे सगळे एकाच मुळाचे. ‘नी’ म्हणजे गुडघा आणि संस्कृतातला ‘जानु’ हेही तसेच. ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो आजानुबाहू, त्यातला तो जानु. म्हणजे जो शब्द परका वाटून पोरगा बिचकला, तो दूरच्या सोयऱ्यातला निघाला.

आणखी दोन शब्दांची कहाणी सांगण्यासारखी आहे. नाईट (के-एन-आय-जी-एच-टी) आणि नेव्ह (के-एन-ए-व्ही-ई). जुन्या इंग्रजीत दोन्हींचा अर्थ पोरगा, घरचा चाकर असाच होता. पहिला शब्द राजाच्या पदरी लढाईला गेला आणि मानाचा सरदार होऊन बसला. दुसरा खाली घसरला आणि लुच्चा माणूस झाला. पत्त्यांतल्या गुलामालाही इंग्रजीत नेव्ह म्हणत. कामाने दोघेही चाकर, पण एकाला पदवी आणि दुसऱ्याला शिवी. शब्दांचेही नशीब त्यांना वापरणाऱ्यांच्या हाती असते, हे आपल्या वस्तीतल्या लोकांना निराळे सांगायला नको.

हा मुका के निरुपयोगी म्हणावा, तर तसेही नाही. कानाला सारखे आणि डोळ्याला वेगळे असे शब्द त्यानेच ओळखता येतात. नुसता ‘नो’ म्हणजे नाही, के लावला की जाणणे. ‘न्यू’ म्हणजे नवे, के लावला की जाणले. ‘नाईट’ म्हणजे रात्र, के लावला की सरदार. ‘नीड’ म्हणजे गरज, पण भाकरीचे पीठ मळणे लिहायचे तर के-एन-ई-ए-डी. परीक्षेत मार्क जातात ते इथेच.

एक खोच आहे. हा नियम शब्दाच्या तोंडाशी चालतो. अर्ज दिल्यावर कचेरीतून पोच मिळते, तिला अॅक्नॉलेजमेंट म्हणतात. त्यात ‘क’ नीट ऐकू येतो. डार्कनेस, वीकनेसमध्येही येतो.

राहिले ताईंचे स्वतःचे. आपल्या राज्यात मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आली. त्याआधी ती पाचवीला सुरू होई, आणि पाचवीच्या आधीच ज्यांची शाळा सुटली त्या आयांना ती भेटलीच नाही. यात त्यांचा दोष नाही. पण स्पेलिंग ऐकायला इंग्रजी यावी लागत नाही. संध्याकाळी फडावरून फोन कराल, तेव्हा पोराला आजचे पाच शब्द अक्षरे फोडून म्हणायला सांगा. तुम्ही दोनच गोष्टी ऐका. सुरुवातीला ‘के, एन’ म्हणाला का, आणि मग शब्द म्हणताना ‘न’पासून सुरू केला का. चुकला तर पुन्हा म्हणायला लावा. रामजी सुभेदार भिमाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला अशीच घोकून घेत असत.

पाच शब्द आजच देऊन ठेवते : नाईफ, नी, नॉट, नॉक, नॉलेज. पुढच्या अंकात डब्ल्यू आणि आर यांची जोडी घेऊ. तिथे डब्ल्यू मुका असतो : राईट म्हणजे लिहिणे, रिस्ट म्हणजे मनगट, राँग म्हणजे चूक.