पासिंगला नापास झालेला टेम्पो

आमच्या मागच्या चाळीतल्या एक मावशी महानगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झाल्या. फंडाचे पैसे हातात आले तेव्हा थोरल्या मुलाने हट्ट धरला, की जुना छोटा टेम्पो घेऊ, पहाटे मार्केटमधून भाजी आणू, दुपारी एखादे भाडे मारू. गाडी नऊ वर्षांची मिळाली. रंग ताजा, सीटला नवे कव्हर, काचेसमोर माळ. विकणारा म्हणाला, "पासिंगला अजून दोन महिने आहेत, काळजीच सोडा." दोन महिने सरले आणि गाडी आरटीओच्या तपासणीत नापास झाली. किरकोळ दुरुस्ती करून पुन्हा नेली, पुन्हा नापास.

गाडीच्या कंपनीचे नाव मी लिहीत नाही. दोष कंपनीचा नव्हता, वयाचा आणि वापराचा होता.

पहिल्या वेळी हेडलाइटचा झोत वाकडा, मागची चमकणारी पट्टी नाही आणि हँडब्रेक धरत नाही, एवढेच निघाले. दुसऱ्या वेळी मात्र ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढू लागली. शिवाय चेसिसवरचा नंबर गंजाने इतका खाल्ला होता, की आरसी बुकाशी ताडून पाहता येईना. असा नंबर आरटीओची परवानगी घेऊनच पुन्हा ठोकावा लागतो. आपल्या मनाने ठोकला तर गाडी चोरीची असल्याचा संशय येतो.

तेवढ्यात मुलाला एक एजंट भेटला. पैसे द्या, गाडी न आणताच कागद करून देतो, म्हणाला. मुलगा तयार झाला होता. पंधरा दिवस गाडी उभी, धंदा बंद, त्याचेही काय चुकले? पण मावशी अडून बसल्या. "कागद तो देईल, ब्रेक कोण देणार? शाळेला जाताना माझी नातवंडं तुझ्याच शेजारी बसतात ना?"

मग मेस्त्रीने मागचे ड्रम उघडले. एका चाकाच्या व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल गळून लायनर भिजले होते. भिजलेले लायनर ड्रमला धरत नाही. एक चाक अडते, दुसरे पळत राहते. रिकाम्या गाडीत हे फारसे कळत नाही. हीच गाडी माल भरून पावसात घाटाच्या उतारावर असती तर काय झाले असते, ते मेस्त्रीने बोलून दाखवले नाही, पण मुलगा त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही.

मालवाहू आणि भाड्याच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग लागते, त्यानंतर दरवर्षी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते, पुढे दर पाच वर्षांनी तपासून वाढवून घ्यावी लागते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६प्रमाणे फिटनेस नसलेली मालवाहू गाडी रीतसर नोंदलेलीच धरत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी नेमके याच कागदावर बोट ठेवू शकते. म्हणून घेण्याआधी पासिंगची मुदत नुसती बघू नका, मागच्या वेळी तपासणीत काय निघाले होते तेही विचारा. विकणारा टाळाटाळ करू लागला तर तेही एक उत्तरच.

२००५ साली टाटांचा 'एस' आला, लोकांनी त्याला 'छोटा हत्ती' म्हटले, आणि तेव्हापासून अशा छोट्या गाड्यांचा जुना बाजार भरभरून वाहतो आहे. पण पाऊण टनाच्या गाडीत दीड टन विटा भरणारे मालक आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. तो भार पाट्यांवर, त्यांच्या बुशांवर आणि ब्रेकवर जातो. वरून रंग मारला की दिसत नाही. गाडी सपाट जागेवर उभी करून मागून बघा, एका बाजूला कलली असेल तर पाटा बसलेला आहे. पायाखालची मॅट उचलून पत्रा बघा. घरातले लोहचुंबक खिशात न्या. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली असते. सकाळी लवकर जा आणि इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा. आधीच तापवून ठेवले असेल तर का, ते विचारा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला तर पाणी आत शिरले असण्याची शक्यता आहे, तिथून सरळ घरी या. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. आणि मेस्त्री आपला न्या, विकणाऱ्याचा नव्हे. त्याची एका दिवसाची मजुरी देताना हात आखडू नका.

कागदाचे म्हणाल, तर आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का, विमा चालू आहे का, चलाने थकली आहेत का, हे पैसे देण्याआधी बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी ताबडतोब नावावर करा. विकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक. गाडी विकून वर्षे झाली असली, तरी नोंद बदलली नसेल तर अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. मावशींच्या टेम्पोची नोंद अजून पहिल्या मालकाच्याच नावावर होती. मधल्या दोघांनी कागद फिरवलाच नव्हता. त्या पहिल्या मालकाला शोधायला मुलाला दोन गावे पालथी घालावी लागली.

तिसऱ्या खेपेला गाडी पास झाली. आता टेम्पो रोज पहाटे चारला निघतो. गाडी हलण्याआधी मावशी अजूनही बॅटरी घेऊन मागच्या चाकांपाशी वाकतात आणि जमिनीवर ऑइलचा डाग पडलाय का ते पाहतात.