पावसातला आरसा आणि जुनी मोटार

श्रावणातल्या एखाद्या सकाळी बेळगावहून निघून चोर्ला घाट उतरणाऱ्या मोटारचालकाची अवस्था ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना आमचा आजचा विषय क्षुल्लक वाटणार नाही. माथ्यावर ढग रस्त्यावर उतरलेले असतात. पत्रा, काचा, आरसे सारे थंडगार पडते. वळणे उतरीत केरीच्या बाजूला यावे तो हवा एकाएकी उबदार व दमट होते आणि थंड आरशांवर बाष्प धरते. समोरची काच वायपर पुसतो, तिच्या आतल्या बाजूस पंखा वारा घालतो. बाजूचे दोन आरसे मात्र दुधाळ होऊन बसतात. मागून भाजीने भरलेला ट्रक लोटत येतो आहे काय, डावीकडून एखादा दुचाकीस्वार पुढे घुसू पाहतो आहे काय, हे कळावे कसे? चालक काच खाली करतो, हात बाहेर काढून बोटांनी आरसा पुसतो आणि तेवढा वेळ घाटातल्या वळणावर मोटार एका हाताने चालते. डाव्या आरशापर्यंत तर हात पोहोचतच नाही.

या दुखण्यावर उपाय आहे, आणि तो नवाही नाही. युरोपातल्या हिमवर्षावाच्या देशांत आरशावर बर्फाचा थर बसतो, म्हणून तेथील मोटारींना आतून तापणारे आरसे कित्येक वर्षांपासून बसविले जात आहेत. आरशाच्या पाठीमागे कागदासारखे पातळ असे एक तापणारे पान चिकटविलेले असते. बारा व्होल्टच्या बॅटरीतून त्याला वीज मिळाली की काच कोमट होते आणि दोन-चार मिनिटांत तिच्यावरचे बाष्प उडून जाते. आपल्याकडेही अनेक मोटारींच्या महाग आवृत्त्यांत ही सोय मिळते. आमचा प्रश्न आहे तो ज्यांच्या दारात दहा-वीस वर्षांची जुनी मोटार उभी आहे, त्यांचा. त्यांनी बोटांनीच आरसे पुसत बसावे काय?

गोमंतकात जुन्या मोटारींची माया मोठी. 1961 पूर्वी येथे परदेशी गाड्या उतरत, त्यांतल्या काही अजूनही चवथीच्या आधी धुऊन-पुसून बाहेर निघतात. ॲम्बेसिडरचे उत्पादन 2014 मध्ये थांबले, मारुती 800 चेही त्याच वर्षी. तरी दोन्ही आमच्या रस्त्यांवर आहेत. अशा गाडीला तापणारे आरसे बसवायचे म्हटले की कोणी तरी हसतो. गोव्यात बर्फ पडतो काय, असे विचारतो. बर्फ पडत नाही, पण वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे खाजनांवरून आणि मांडवीच्या पात्रावरून जे दंव उतरते, ते उघड्यावर ठेवलेल्या मोटारीचे आरसे सकाळी आठपर्यंत आंधळे करून ठेवते. हसणारे हेच गृहस्थ मागच्या काचेवर चमकते दिवे आणि दारांवर चंदेरी पट्ट्या लावण्यासाठी याहून अधिक पैसे मोजतात, हे आम्ही पाहिले आहे.

जुन्या गाडीला हा विजेचा भार झेपेल काय, ही शंका रास्त आहे. तिचा हिशेब मात्र सोपा आहे. एका आरशाला साधारण वीस वॅट धरले तर दोहोंना चाळीस, म्हणजे बारा व्होल्टवर सव्वातीन अँपिअरच्या आसपास. हॅलोजन हेडलाईटचा एक बल्ब पंचावन्न ते साठ वॅट घेतो. अर्थात दोन्ही आरसे मिळूनही एका दिव्याइतकी वीज खात नाहीत, आणि तीही सदासर्वकाळ नव्हे. दहा-पंधरा मिनिटांत काम झाले की ते बंद करावयाचे असतात. अल्टर्नेटर धड असलेल्या कोणत्याही मोटारीस हे जड नाही. ज्या फार जुन्या गाड्यांत अजून डायनॅमो आहे, त्यांच्या मालकांनी मात्र आधी त्याची तब्येत तपासून घ्यावी. इंजिन मंद चालत असता आणि दिवे, वायपर व आरसे एकदम लावले असता तेथे बॅटरीच रिकामी होत जाते.

या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाही तर आम्ही दुकानदारांची जाहिरात करतो आहोत असे वाटावयाचे. मुसळधार पावसात तापणारा आरसा कोरडा राहत नाही. थेंब पडत राहतात तितक्या वेगाने ते सुकविणे या कोमट काचेच्या आवाक्याबाहेरचे आहे. तिचे खरे काम बाष्प, दंव आणि रिमझिमीचा पातळ पापुद्रा यांच्याशी. शिवाय दाराची काच आतून धूसर असेल तर पलीकडचा आरसा कितीही स्वच्छ असला तरी तो दिसणार कोठून? तेव्हा आतली हवा कोरडी ठेवणे हे पहिले कर्तव्य. टॅक्सीवाले काचेला तंबाखू किंवा बटाट्याची फोड चोळतात, त्या युक्तीला आम्ही नावे ठेवीत नाही. तासाभरापुरती ती उपयोगी पडते. पण रोज घाट उतरणाऱ्याने बटाट्यावर किती विसंबावे?

खरी काळजी वाटते ती बसविणाऱ्या हातांची. आरशाची काच बहुधा मागच्या प्लास्टिकच्या बैठकीवर चिकटविलेली असते. ती जराशी ऊब देऊन सोडवावी लागते, जोर केला की फुटते. तापणारे पान चिकटविताना मध्ये हवेचा फुगा राहिला तर त्या जागी उष्णता साठते आणि काच तडकते. काच बदलावयाची असेल तर मूळच्या गोलाईचीच घ्यावी. डाव्या बाजूचा आरसा बहुधा बहिर्वक्र असतो, त्यामुळे रस्त्याचा अधिक पट्टा दिसतो. तेथे सपाट काच बसविली तर आरसा तापेल, स्वच्छही राहील आणि शेजारून येणारा स्वार नेमका त्याच्या बाहेर राहील. तार दारातून आत नेताना बिजागरीजवळच्या रबरी नळीतूनच न्यावी, उघडी लोंबकळत ठेवू नये. जुन्या ॲम्बेसिडरसारख्या गाडीला, जिचा आरसा नुसत्या दांडीवर उभा असतो, तारेसाठी दाराला भोक पाडावे लागते. ते भोक लगेच रंगवून रबराने बंद केले नाही तर आमच्या खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत तेथे गंज खाऊ लागतो. सांध्यांचेही तसेच. नुसती तार पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे ही आमच्याकडची सर्वसाधारण रीत. किनाऱ्यावर असा सांधा हिरवा पडावयास वेळ लागत नाही.

आणि फ्यूज! हेडलाईटच्या तारेला चिमटा लावून तेथूनच वीज घेण्याचा आळशी प्रकार सर्रास चालतो. वीज बॅटरीतून स्वतंत्र फ्यूज व रिलेमार्फत घ्यावी, रिले इग्निशनच्या चावीवर चालावी, म्हणजे इंजिन बंद होताच आरसेही बंद होतील. एवढ्याचा खर्च काही शेकड्यांचा. तो वाचविण्यापायी ज्या गाडीच्या तारा जळाल्या, तिच्या मालकास विमा कंपनीसमोर काय उत्तर देता येईल?

कायद्याची भीतीही अनेकांना वाटते आणि ती अगदी निराधार नाही. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये ही बंदी कठोरपणे अधोरेखित केली. परंतु नोंदणीपत्रात इंजिनाचा क्रमांक, सांगाड्याचा क्रमांक, रंग, इंधन, आसनसंख्या असते. आरशाची काच तापते की नाही हे नसते. आमच्या मते मूळ आरसा त्याच जागी ठेवून त्यामागे एक तापणारे पान चिकटविणे या कलमाच्या कक्षेत येत नाही. तरीही रस्त्यावरील तपासणीत प्रत्येक शिपायाने आपापला अर्थ लावावा, हे बरे नाही. जुन्या वाहनांत मागाहून करावयाच्या जोडण्यांसाठी निकष ठरविण्याचा अधिकार 2019 च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला मिळालेला आहे. धोकादायक बदल रोखण्याइतकेच उपयुक्त बदलांना मार्ग करून देणे, हेही त्या अधिकारात येते.

हा आग्रह आम्ही धरतो तो मोटारीत बसलेल्यांसाठी म्हणून नाही. दुधाळ आरशाची किंमत बहुधा बाहेरचा माणूस मोजतो. दरडोई वाहनांच्या प्रमाणात गोवा देशात अगदी वरच्या ओळीत, आणि त्यांत बहुसंख्य दुचाकी. आमचे पायलट, कॉलेजची मुले, पहाटे मासळी घेऊन निघालेले स्वार, हे सारे पावसात मोटारीच्या डाव्या अंगानेच जात असतात. अन् डाव्या आरशाची या देशात किती उपेक्षा झाली! अनेक स्वस्त मोटारी कित्येक वर्षे डाव्या आरशाविनाच विकल्या गेल्या; असलेला आरसा घासू नये म्हणून मिटून ठेवून फिरणारे महाभाग आजही पणजीच्या बाजारपेठेत दिसतात. मोटार महाग घेतली तर डावीकडचा माणूस दिसेल आणि स्वस्त घेतली तर दिसणार नाही, ही वर्गवारी कारखानदारांनी केली आणि आपण ती मुकाट्याने मान्य केली.

पंधरा वर्षे झालेल्या खासगी मोटारीस नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. त्याचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5000 रुपये झाले, आणि वीस वर्षांपलीकडच्या मोटारींसाठी 2025 मध्ये ते 10000 रुपयांवर गेले. एवढे पैसे घेणाऱ्या खात्याने तपासणीच्या वेळी एक बादली पाणी आरशांवर ओतून चालकास मागचे काय दिसते, असे विचारावयास हरकत नसावी. दोन्ही आरसे आहेत, मूळच्या गोलाईचे आहेत, आणि तापणारे असल्यास त्यांची जोडणी फ्यूजमधून झालेली आहे, इतके पाहणे निरीक्षकास दोन मिनिटांचे काम आहे. अशी जोडणी आक्षेपार्ह नाही, असे वाहतूक खात्याने एका पानाच्या परिपत्रकाने जाहीर करावे. मे महिन्यात गॅरेजांत वायपरची पाती बदलण्यासाठी गर्दी होते. हे परिपत्रक त्याआधी, निदान मृग लागण्यापूर्वी तरी, निघाले पाहिजे.