वाघ नाही दिसला, म्हणून काय झालं?



पेंच व्याघ्र प्रकल्पात वाघ दिसला नाही, पैसे पाण्यात गेले, हे पांढुर्ण्याच्या वाचकाचं पत्र वाचलं. परवाना, जिप्सी, गाइड मिळून खिसा रिकामा होतो, हे खरंच. पण छिंदवाड्याच्या बाजूच्या जमतरा गेटने आम्हीही सहकुटुंब गेलो होतो. वाघ आम्हालाही दिसला नाही. झाडावरून वानरं अर्धवट खाल्लेला पाला खाली टाकत होती आणि चितळं तो मटकावत होती. पोरं चक्क गप्प बसून बघत राहिली! २९ बछड्यांना जन्म देणारी पेंचची कॉलरवाली वाघीण जानेवारी २०२२ मध्ये गेली. दर्शनाची हमी तिनेही कुणाला दिली नव्हती. तक्रार करायचीच तर 'अजून पुढे घ्या' म्हणत चालकाला पिटाळणाऱ्या पर्यटकांची करा.

— एक वाचक, सौंसर