चाचणी की वेठबिगार?

‘उद्योग’ हा शब्द कानी पडताच कला शाखेच्या विद्यार्थ्याने पान उलटावे, असा एक संकेत आपल्याकडे रूढ आहे. परंतु नवा, छोटा उद्योग आणि जुनी, बलाढ्य कंपनी यांचे नाते हा केवळ वाणिज्याचा विषय नव्हे. मोठ्याने लहानाला कसे वागवावे, हा त्यातला खरा प्रश्न आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

१६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने ‘स्टार्टअप इंडिया’चा आराखडा जाहीर केला. नवउद्योगांची मोठ्या कंपन्यांशी गाठ घालून देणारे मेळावे आज ठिकठिकाणी भरतात. नवउद्योगाजवळ कल्पना असते, गिऱ्हाईक नसते. कंपनीजवळ कारखाना असतो, पण नवे करून पाहण्याची उसंत नसते. दोघांनी मिळून एखाद्या विभागात थोड्या काळापुरता प्रयोग करावा व तो जमल्यास मोठी खरेदी व्हावी, अशी ही योजना. तिला ‘पायलट’ म्हणतात.

कल्पना उत्तमच आहे. नव्या वस्तूवर लोकांचा विश्वास चटकन बसत नाही, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. लोखंडाने जमीन नासेल या समजुतीपायी लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगतात.

परंतु व्यवहारात काय घडते? माझ्या थोरल्या भावाने दोन मित्रांसह यंत्राच्या कंपनांवरून बिघाड आधीच ओळखणारे उपकरण तयार केले. एका मोठ्या कारखान्याने ते आठ महिने विनामूल्य वापरून पाहिले. बैठका झाल्या, हस्तांदोलनाची छायाचित्रे निघाली. मग संबंधित अधिकाऱ्यांची बदली झाली आणि नव्या साहेबांना त्यात रस उरला नाही. कारखान्याचे काहीच अडले नाही. आमच्या घरी मात्र आईच्या बांगड्या गहाण पडल्या.

२००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघुउद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. पण फुकटच्या चाचणीचे बिलच नसते. तेथे कायदा तरी काय करणार?

कंपन्यांचीही बाजू आहे. चालते यंत्र नवख्याच्या हाती देणे सोपे नाही. कामगारांची सुरक्षितता व उत्पादन दोन्ही पाहावे लागते. म्हणून चाचणी लहान असावी, हे मला मान्य आहे. ती फुकट असावी, हे मात्र त्यातून निघत नाही. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने २०१५ साली ‘स्टार्टअप गॅरेज’ सुरू केले. तेथे कंपनी नवउद्योगात भागीदारी न मागता त्याची वस्तू विकत घेते आणि पहिले गिऱ्हाईक बनते. आपल्या राज्य शासनानेही २०१८ पासून ‘स्टार्टअप सप्ताहा’तून निवडलेल्या नवउद्योगांना सरकारी खात्यांत प्रयोग करण्यासाठी १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्याची प्रथा पाडली. सरकारी खात्यांना जे जमते, ते नफ्यातल्या कंपन्यांना का जमू नये?

माझ्या मते कोणत्याही चाचणीपूर्वी चार गोष्टी लेखी ठराव्यात : नेमके काय तपासायचे, किती दिवसांत, किती मोबदल्यात आणि अखेरचा निर्णय कोण घेणार. निर्णय नकाराचा असला तरी त्याची कारणे लेखी मिळावीत. पैसे मोजलेल्या वस्तूकडे माणूस लक्ष देतो. फुकटची वस्तू कोपऱ्यात पडते.

महाविद्यालयांतूनही आता नवउद्योगांची केंद्रे निघत आहेत, सामंजस्य करारांचे समारंभ होत आहेत. प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की मध्यस्थी करताना आपण या चार अटींचा आग्रह धरावा. आणि मित्रहो, चोख शब्दांत करार लिहिणे, संदिग्ध वाक्य हेरणे, हे तर आपल्याच शाखेचे शिक्षण! शेजारच्या वर्गातला कोणी विज्ञानाचा विद्यार्थी उद्या आपले यंत्र घेऊन मोठ्या दारात उभा राहील, तेव्हा त्याचा कागद आधी आपण वाचून द्यावा. एवढे आपल्या हातात निश्चित आहे.